तेलकट लेनवरच्या काकू

बर्मिंगहॅमच्या त्या घरात मी भाडेकरू म्हणून राहायला गेले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बाथरूमचं दार उघडलं, तर टबमध्ये एक काळाकुट्ट बॉल गरम पाण्यात बसलेला. पाण्यावर तेलाचा तवंग आणि रिठ्याचा वास. मी दार लावलं, पुन्हा उघडलं. बॉल होताच. तेवढ्यात खालून काकूंचा आवाज आला, की त्याला हात लावू नकोस, आत्ता काढते. फक्त पाणी फार गरम नाही ना ते बघ. तान्ह्या बाळाला घालतो तितपतच हवं, जास्त झालं तर तडा जातो.

काकू म्हणजे माझी घरमालकीण. वय पासष्टीच्या पुढचं, अंगानं लहानखुऱ्या, पँट आणि कार्डिगन, गळ्यात बारीक चेन. लग्न होऊन इकडे आल्या त्याला तेव्हा तीस-पस्तीस वर्षं झाली होती. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासता तपासता रिटायर झाल्या. काका गेलेले, मूलबाळ नाही. लॅबमधल्या बायका दर ख्रिसमसला बोलिंगला, म्हणजे लेनवरून जड बॉल सोडून दहा पिना पाडायच्या त्या खेळाला, जायच्या. बाकीच्या पाय मोकळे करायला जायच्या, काकू मात्र त्यात अडकल्या त्या अडकल्याच. मी गेले तेव्हा त्या दर गुरुवारी संध्याकाळी लीगमध्ये खेळत होत्या आणि त्यांच्याकडे स्वतःचे तीन बॉल होते. काळा, निळा आणि पिवळा. जिन्याखाली त्यांची जागा होती. माझ्या सुटकेसला ती मिळाली नाही.

मन चिंती ते वैरी न चिंती ही म्हण कुणीतरी काकूंना बघूनच केली असावी. वैऱ्याला इतकं सुचणं शक्यच नव्हतं. लायब्ररीत जाताना दोन छत्र्या, कारण एक उलटली तर? मी मैत्रिणीला भेटायला केंब्रिजला निघाले, तर ट्रेन बंद पडली तर म्हणून कोचचं, म्हणजे लांब पल्ल्याच्या बसचं, वेळापत्रक हातात दिलं, आणि कोचही बंद पडला तर म्हणून थेपल्यांचा डबा. दर रविवारी स्वयंपाकघरातला स्मोक अलार्म वाजवून बघायच्या. शेजारचा कुत्रा रविवार ओळखायला शिकला होता. त्यांचं प्रत्येक वाक्य "आणि समजा" नं सुरू व्हायचं. आणि समजा किल्ली आतच राहिली. आणि समजा तुझ्या बॉसला तुझं काम आवडलंच नाही. मला राग यायचा. मी म्हणायची, काकू, तुम्ही बोलता म्हणून होतं. आणि ऑफिसला निघाल्यावर बसस्टॉपवरून परत येऊन गॅस बघायची. काळजी ही खोकल्यासारखी असते, एका घरात राहिलं की लागते.

त्यांचे तीन बॉल हासुद्धा काळजीचाच कारभार होता. बोलिंगची साठ फुटांची लेन लांबून सगळीकडे सारखी दिसते, पण तशी नसते. मशीन तिच्यावर तेलाचा पातळ हात फिरवतं. सुरुवातीला तेल भरपूर, पिनांच्या बाजूला जवळजवळ नाहीच. बॉल तेलावरून सरळ घसरत जातो आणि कोरड्यावर आला की लेनला धरून वळतो. त्यात हे तेल जागेवर बसत नाही. लोक खेळतात तसं ते बॉलला लागून निघून जातं, थोडं पुढे ओढलं जातं. म्हणजे पहिल्या गेमला जो बॉल नेमका पिनांत शिरला, तोच तिसऱ्या गेमला अध्येमध्येच वळून भलतीकडे जातो. म्हणून तेल ताजं असेल तेव्हा काळा, कारण तो खरखरीत, तेलातही पकड घेणारा आणि तेल पिणारा, म्हणून तर ते काढायला गरम पाण्याची अंघोळ. तेल कमी झालं की निळा, गुळगुळीत आणि चकचकीत. आणि अगदीच कोरडं पडलं, किंवा कडेची एकटी पिन पाडायची असली, की पिवळा. तो साधा प्लॅस्टिकचा, कुठेही सोडा, सरळच जाणार. "शेवाळावर कुठली चप्पल आणि फरशीवर कुठली, एवढंच आहे ते," असं त्या मला म्हणाल्या होत्या. एवढंच असतं तर त्यांना झोप लागली असती.

गुरुवारी सकाळी त्या बोलिंग सेंटरला फोन करायच्या. तेल किती वाजता घालणार? दुपारी कुणाचा बर्थडे आहे का? पोरांच्या पार्टीतले ते रंगीत बॉल सगळं तेल ओढत पिनांपर्यंत नेतात, म्हणून शाळांना सुट्टी लागली की काकूंचं ब्लडप्रेशर वाढायचं. काउंटरवरचा माणूस त्यांचा आवाज ओळखायचा आणि बहुतेक खोटं बोलायचा. मग जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून काळा बॉल पॉलिश पेपरनं घासणं चालायचं. मॅच सुरू झाल्यावर बॉल घासायला बंदी होती, आणि त्याच्या अंगाला बाहेरचं काही लावलेलं तर मुळीच चालत नसे. एवढं करून सेंटरला पोचलं की त्या लेनसमोर उभ्या राहून मला विचारायच्या, "काळा घेऊ ना?" मला काय कळतंय त्यातलं. पण मी हो म्हटल्याशिवाय त्या बॉल उचलत नसत.

मी तिथे का असायची ते सांगायला हवं. काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. लेनवर थोड्या अंतरावर बाण काढलेले असतात, तिथपर्यंत त्यांना दिसायचं. त्याच्या पलीकडे धुकं. पिना दिसत नव्हत्या. वरच्या स्क्रीनवरचे आकडे म्हणजे दिव्याभोवतीचं पिवळं वर्तुळ. त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं आणि टीमला सांगितलं होतं, की या मुलीला ड्रायव्हिंगची प्रॅक्टिस हवी म्हणून ती मला आणते. मी मागच्या खुर्चीवर बसून मराठीत सांगायची. लवकर वळला. उशिरा वळला. डावीकडच्या दोन राहिल्या. बाकीच्यांना वाटायचं, मी लहान मुलासारखी ओरडून काकूंना प्रोत्साहन देतेय.

चोरी उघडी पडली तर काय, याची भीती नुसती हवेतली नव्हती. आदल्या वर्षी त्यांच्याच टीममधल्या एका म्हाताऱ्यानं दिसत नसल्यामुळे बॉल शेजारच्या लेनवर टाकला होता. कुणी रागावलं नाही. गोड बोलून त्याला स्कोअर बघायला बसवलं, मग चहा आणायला, आणि मग तो यायचाच बंद झाला. काकूंना गुरुवारखेरीज माणसांत जायला दुसरं निमित्त नव्हतं. मंडळाच्या गणपतीला त्या जायच्या, पण तिथे लोक मुलांबद्दल विचारतात. टीममध्ये कुणी काही विचारत नसे. ती जागा गेली असती तर काकू त्या जिन्याखालच्या बॉलसारख्या घरात बसून राहिल्या असत्या, हे मला कळत होतं आणि त्यांना तर कळत होतंच.

उपाय सोपा होता आणि तोच त्यांना नको होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन आता काय, सकाळी जाऊन दुपारी घरी. पण काकाही एका लहानशा ऑपरेशनला असेच सकाळी गेले होते. दुपारच्या चहाला येतो म्हणाले होते. कुणाची चूक नव्हती, रक्ताची गुठळी झाली आणि सगळं संपलं. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, काकूंनी ताकाकडे बघणंच सोडलं होतं. हॉस्पिटलची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलली होती. आता तिसरी आली होती, दसऱ्यानंतरच्या मंगळवारची, आणि सोबत स्पष्ट सूचना, की यावेळी आला नाहीत तर नाव यादीतून काढून पुन्हा डॉक्टरांकडे पाठवू. फ्रिजवर मॅग्नेटखाली ते पत्र होतं. दूध काढायला गेलं की दोघी त्याच्याकडे न बघता दूध काढायचो.

टीमची कॅप्टन म्हणजे शाळेच्या कॅन्टीनमध्ये जन्मभर पोरांना वाढून रिटायर झालेली एक बर्मिंगहॅमची बाई. उंच, सडपातळ, कायम एक मोठा ढगळ स्वेटर घातलेली. लहानथोर सगळ्यांना "बॅब" म्हणायची, त्यात प्रेमही असायचं आणि धाकही. काकूंची तिच्याशी पंधरा-वीस वर्षांची मैत्री. दोघी फारसं बोलत नसत. कॅप्टन चिप्सची प्लेट मधे ठेवायची, काकू पर्समधून तिखटाची पुडी काढून भुरभुरायच्या आणि दोघी खायच्या. तेव्हा आत सिगारेट ओढायला बंदी नव्हती. धुरात बसून या दोघी तिखट चिप्स खाताहेत असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे.

त्या वर्षी दसरा नेमका गुरुवारी आला. दसऱ्याला काकू घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करायच्या. कुकर, शिवणाचं मशीन, माझा लॅपटॉप, गाडी आणि अर्थातच तीन बॉल. बॉलना कुंकू लागू नये म्हणून त्या एरवी कुंकवाचं बोट बॅगेच्या बकलाला लावायच्या आणि बॉलवर नुसतं झेंडूचं फूल. ते सच्छिद्र असतात, काहीही पितात, हे लॅबवाल्या बाईला सांगायला नको. मी त्या दिवशी ऑफिसात होते. बकल कुठे आणि बॉल कुठे हे त्यांना दिसलं नाही. ओलं कुंकू काळ्याला लागलं, हात तसाच निळ्याला पुसला गेला. पिवळ्याची पाळी येईपर्यंत हात कोरडा झाला असावा. पूजा झाल्यावर त्यांनी तिन्ही बॉल फडक्यानं पुसले आणि त्यांच्या डोळ्यांना ते स्वच्छ दिसले.

मॅच महत्त्वाची होती, हरलो असतो तर खालच्या गटात गेलो असतो. तेल ताजं होतं. मी मागच्या खुर्चीवरून हो म्हटलं, काळ्यावरचं लाल मलाही दिसलं नाही, आणि काकूंनी काळा घेतला. पहिला बॉल छान वळला, आठ पडल्या. परत आलेला बॉल दुसऱ्या टीमच्या एका माणसानं बघितला आणि हात वर केला. लीगचे सेक्रेटरी आले. बोलिंगलाही टाय लावून येणारे गृहस्थ. त्यांनी पांढरा टॉवेल बॉलवर फिरवला आणि टॉवेल लाल झाला.

रक्त आहे का, असं कुणीतरी विचारलं. काकूंनी घाईघाईनं सांगितलं, की देवाचं आहे, आज आमचा सण. सेक्रेटरी काही वाईट बोलले नाहीत. ते म्हणाले, सणाबद्दल आदर आहे, पण बॉलला बाहेरचं काही लावलं तर त्याची पकड बदलते, आणि मुद्दाम लावलं असेल तर लीगमधून नाव काढावं लागतं. मग त्यांनी टॉवेल काकूंच्या पुढे धरला आणि शांतपणे विचारलं, "इतकं लाल आहे हे. तुम्हाला दिसलं नाही?"

दिसलं म्हणावं तर लबाडी केली असं होतं, नाही म्हणावं तर डोळे गेलेत हे कबूल. दोन्हीकडून जागा जाणार. मी काहीतरी बोलायला उठले, चूक माझी होती वगैरे, पण काकूंनी हातानं मला बसवलं.

"नाही दिसलं," त्या म्हणाल्या. "मला पिनासुद्धा दिसत नाहीत. वर्ष झालं."

शेजारच्या लेनवर पिना पडल्याचा आवाज झाला. काकूंनी बूट सोडायला सुरुवात केली. एक नाडी सुटल्यावर कॅप्टन येऊन त्यांच्याशेजारी बसली. तिनं सेक्रेटरींना सांगितलं, की काळा आणि निळा ठेवून द्या, पिवळा तपासा. पिवळा स्वच्छ निघाला. मग तिनं खाली वाकून काकूंची सुटलेली नाडी बांधली, आणि म्हणाली, की आता पिना मी सांगणार, या मुलीची भाषा मला कळत नाही आणि ती मला त्यात शिव्या घालते असं मला आजवर वाटत होतं.

ताज्या तेलावर पिवळा बॉल म्हणजे साबणाची वडी. तो कुठेच वळला नाही. काकूंना निवडायला काही उरलंच नव्हतं, त्यामुळे त्यांनी मला काही विचारलं नाही. सरळ उभं राहून सरळ टाकत राहिल्या. आम्ही हरलो आणि खालच्या गटात गेलो. निघताना कॅप्टननं काकूंना पार्किंगमध्ये गाठलं आणि एकच अट घातली. तुझी जागा मी राखते, दुसऱ्या कुणाला देत नाही. पण मंगळवारी तू हॉस्पिटलात गेली पाहिजेस. गेली नाहीस तर मी स्वतः तुला स्कोअर बघायला बसवीन.

सोमवारी संध्याकाळी काकूंनी मला घराच्या किल्ल्या, बॉयलरवाल्याचा फोन आणि सूचना दिल्या. त्या परत आल्या नाहीत तर काळ्याला महिन्यातून एकदा अंघोळ घालायची, निळ्याला दोन महिन्यांनी. पिवळ्याला नाही घातली तरी चालेल. मी चिडले. अहो काकू, असं काय बोलता, असं म्हणून जिन्यात जाऊन रडले.

हॉस्पिटलात त्यांनी नर्सला विचारलं, की समजा मधेच शिंक आली तर? सर्जननं तपासणीच्या वेळीच त्यांना विचारून ठेवलं होतं, की डोळ्यात बसवायची लेन्स जवळचं स्पष्ट दिसणारी हवी की लांबचं. बहुतेक लोक यावर विचार करून सांगतात. माझ्या या बाईला मोजे निवडायला अर्धा तास लागायचा, पण तिनं डोळ्यांची पापणी न लववता सांगितलं होतं, "साठ फुटांवरचं दिसलं पाहिजे."

बाहेर बसून मी चहा घेतला तो तसाच गार झाला. आत त्यांना काय झालं असेल हे मी इतक्या तऱ्हांनी रंगवलं, की काकूंनाही जमलं नसतं. दार उघडलं, व्हीलचेअरवरून काकू आल्या. एका डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी, हातात बिस्किट. मला म्हणाल्या, गाडीचं पार्किंग संपलं असेल, बघ.

दुसऱ्या दिवशी ती वाटी काढली आणि घरावर संकट आलं. हे पडदे पांढरे आहेत? ओट्यामागच्या टाइल्सवर काय हे? मग त्या माझ्याकडे वळल्या, हनुवटी धरून उजेडाकडे फिरवली आणि म्हणाल्या, अगं, तू किती लहान आहेस. मला हसू आलं.

जड उचलायला अजून बंदी होती, तरी पुढच्या गुरुवारी त्या नुसतं बघायला निघाल्या. एकही बॉल बरोबर नव्हता, म्हणून दारातून तीनदा परत आल्या. सेंटरमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅप्टननं लांबूनच बोटं दाखवून विचारलं, "किती, बॅब?" काकू हसत तीन म्हणाल्या. मग कॅप्टन जवळ आली आणि काकूंचं हसणं थांबलं.

काकू तिच्या शेजारी बसून बघत राहिल्या. कॅप्टन तिच्या बॉलच्या अंगठ्याच्या भोकात चिकटपट्टीचा तुकडा लावत होती. हे मी तिला नेहमी करताना पाहिलं होतं, पुष्कळ जण करतात. अंगठा कधी सुजतो, कधी बारीक होतो, म्हणून भोक नीट बसावं यासाठी एखादी पट्टी लावायची. काकूंनी तिच्या हातून बॉल घेतला आणि आत बोट घातलं. पट्टीवर पट्टी, पट्टीवर पट्टी. भोक अर्धं बुजलं होतं. त्यांनी कॅप्टनचा हात हातात घेतला, स्वेटरची बाही वर केली. मनगटाचं हाड वर आलेलं.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

कॅप्टननं सांगितलं. गळक्या नळाबद्दल सांगावं तसं. उन्हाळ्याच्या आधी कळलं, पोटात आहे, औषधं घेऊन झाली, आता डॉक्टर फारसं काही करणार नाहीत. टीममधल्या सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं, मी त्यानंतर आलेली, मला ती बाई मुळातच सडपातळ वाटत होती. पूर्वी तिचे गाल भरलेले होते, ती काकूंच्या दुप्पट होती, हे मला त्या दिवशी कळलं.

"तुला कशाला सांगायचं, बॅब," ती म्हणाली. "तुझ्यामागे आधीच किती काळज्या."

घरी येताना मी वाट बघत होते, की आता काकूंचं ते "आणि समजा" सुरू होईल. झालं नाही. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्या समोर बघत म्हणाल्या, "जन्मभर नसत्या काळज्या केल्या गं मी. ही एक माझ्या हक्काची होती. तीच मला कुणी दिली नाही." सिग्नल हिरवा झाला तरी मला गिअर सापडेना.

शनिवारी आम्ही तिघी सेंटरच्या मागच्या दुकानात गेलो, जिथे बॉलला भोकं पाडून देतात. काकू फळीवरचे सगळ्यात हलके बॉल एकेक करून कॅप्टनच्या हातात देत होत्या आणि बॉलकडे न बघता तिच्या खांद्याकडे बघत होत्या. एका लाल बॉलला तिचा खांदा खाली गेला नाही. दुकानदार काकूंना ओळखत होता. त्यानं सवयीनं विचारलं, लेन कसली धरू, तेलकट की कोरडी? पॉलिश त्याप्रमाणे करतो.

"कशीही असू दे," काकू म्हणाल्या. "हिला उचलता आला पाहिजे."

दुकानदारानं कॅप्टनच्या अंगठ्याचं माप घेतलं. मशीन सुरू करायच्या आत ती काकूंकडे वळली आणि विचारलं, की एवढी भोकं पाडून घ्यायची खरंच गरज आहे का, असे किती गुरुवार मी तो वापरणार आहे.

काकूंनी तिच्या स्वेटरची बाही सरळ केली.

"येत्या गुरुवारी लागेल," त्या म्हणाल्या.